काचेचा फायदा, डोळ्याला भुर्दंड

१९५४ साली आलेल्या लायका एम-३चा व्ह्यूफाइंडर आजही नावाजला जातो. त्यातली प्रतिमा ०.९१ पट, म्हणजे जवळजवळ प्रत्यक्षाएवढी. त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून फोटो काढता येतो. पण या मोठेपणापायीच त्यात सर्वांत रुंद चौकट ५० मिलिमीटरची. ३५ची लेन्स हवी, तर व्ह्यूफाइंडरच्या खिडकीपुढे येणारा चष्मा लावलेली लेन्स घ्यावी लागे. चारेक वर्षांनी एम-२मध्ये प्रतिमा ०.७२ पट केली, तेव्हा कुठे ३५ची चौकट आत मावली. छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एम-४ला २८ची लेन्स लावून हिंडायचे, पण त्या कॅमेऱ्यात २८ची चौकटच नव्हती.

मग एवढा खटाटोप कशासाठी? उत्तर कॅमेऱ्याच्या पोटात आहे. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलतो. त्याला जागा लागते म्हणून निकॉन एफमध्ये लेन्स बसते त्या कड्यापासून फिल्म ४६.५ मिलिमीटर लांब. लायका एममध्ये हे अंतर २७.८. एसएलआरची वाइड लेन्स त्यामुळे उलट्या दुर्बिणीसारखी रचावी लागते आणि काचा वाढतात. आरसा नसलेल्या लायकासारख्या रेंजफाइंडर कॅमेऱ्याला ही अडचण नाही. श्नायडरची २१ मिलिमीटरची सुपर-अँग्युलॉन (१९५८) मागच्या बाजूने कॅमेऱ्यात खोल शिरते. १९६९च्या झाइस होलोगॉनमध्ये तर मोजून तीन काचा, आणि शेवटची फिल्मपासून जेमतेम साडेचार मिलिमीटरवर. सरळ रेषा सरळच उमटतात. बदल्यात अ‍ॅपर्चर कायमचं एफ ८, आणि कोपरे काळवंडू नयेत म्हणून मध्यभागी गडद असलेला फिल्टर.

काचेला झालेल्या या फायद्याचा भुर्दंड डोळा भरतो. २१ची लेन्स लावली की नजर दोनदा टाकावी लागते: अंतर जुळवायला आतल्या खिडकीत, चौकट ठरवायला फ्लॅश लावायच्या खाचेत बसवलेल्या वेगळ्या व्ह्यूफाइंडरमध्ये. हा लेन्सपेक्षा काही सेंटीमीटर वर असल्याने जवळच्या माणसाचा माथा छाटला जाऊ शकतो. कॅमेऱ्याचं तोंड जरा वर झालं की इमारती मागे कलतात. म्हणूनच होलोगॉनच्या व्ह्यूफाइंडरमध्ये गवंड्याच्या हातात असते तशी पाणसळ दिसते. अंतर जुळवण्याची पहिली नजर मात्र बऱ्याचदा वाचवता येते. २१वर एफ ८ ठेवून अंतराचं कडं दोन मीटरच्या किंचित अलीकडे लावलं, की साधारण एका मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं.

हळूहळू दोन्हीकडून तडजोड झाली. लेन्समधून येणारा प्रकाश मोजणारे कॅमेरे आले, तेव्हा सुपर-अँग्युलॉनचा मागचा भाग मीटरच्या आड येऊ लागला. १९८०च्या २१ एल्मारिटमध्ये लायकानेच एसएलआरसारखी रचना पत्करली. दुसऱ्या टोकाला कोसिना कंपनीने व्हॉइग्टलेंडर बेसा आर-४मध्ये प्रतिमा ०.५२ पटींवर आणून २१ची चौकट थेट कॅमेऱ्यात बसवली. लांब लेन्सचं अंतर अचूक जुळवायला ती प्रतिमा लहान पडते, पण रुंद लेन्सचं तेवढ्यावर भागतं.

डिजिटलच्या पडद्यावर लेन्सला दिसतं तेच दिसतं, त्यामुळे वेगळ्या व्ह्यूफाइंडरची निकड संपली. पण फिल्मला चिकटून बसणाऱ्या लेन्सचे तिरपे किरण सेन्सरला मानवत नाहीत आणि कडांना जांभळट छटा येते. फिल्मवर हा दोष उद्भवत नाही. म्हणून जुनी २१ किंवा १५ची लेन्स हाती असेल, तर तिची खरी ताकद पाहायला रोल भरावा आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा व्ह्यूफाइंडरही सोबत घ्यावा.