गिधाडे कशाने संपली?

गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की थोड्याच वेळात आभाळात गिधाडे घिरट्या घालू लागत. १९९० च्या दशकात हे दृश्य झपाट्याने नाहीसे झाले. पांढऱ्या पाठीचे, लांब चोचीचे आणि निमुळत्या चोचीचे अशा तिन्ही जातींची संख्या भारतात जेमतेम दीड दशकात ९५ टक्क्यांहून अधिक घटली.

कारणाचा शोध

भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या विभू प्रकाश यांनी ही घट नोंदवली. खाद्याचा तुटवडा नव्हता. मग संशय गेला रोगावर आणि कीटकनाशकांवर. पाकिस्तानात मेलेल्या गिधाडांच्या शवविच्छेदनात मात्र हृदय आणि यकृतावर खडूच्या भुकटीसारखा पांढरा थर दिसला. तो युरिक आम्लाचा होता, म्हणजे मूत्रपिंडे निकामी झाली होती. २००४ मध्ये लिंडसे ओक्स आणि सहकाऱ्यांनी कारण सिद्ध केले: जनावरांना वेदना आणि सूज यांवर दिले जाणारे डायक्लोफिनॅक. उपचारानंतर लगेच दगावलेल्या जनावराच्या मांसात ते उरते.

एवढ्याने एवढा संहार कसा?

शंभरात एकाहून कमी मृत जनावरांत हे औषध असले, तरी एवढी घट होऊ शकते, असे गणित सांगते. कारण एकाच ढोरावर गिधाडांचा मोठा थवा जेवतो. त्यात मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. गेलेल्यांची जागा भरून निघणार कधी? इकडे उरलेले मांस भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला गेले आणि रेबीजची चिंता वाढली.

उपाय आणि पळवाटा

२००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. गिधाडांना सुरक्षित असा मेलॉक्सिकॅमचा पर्यायही मिळाला. पण माणसांसाठीच्या डायक्लोफिनॅकच्या मोठ्या कुप्या गोठ्यात पोहोचत राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये त्या एका मात्रेपुरत्या छोट्या कराव्या लागल्या. २०२३ मध्ये गिधाडांना घातक अशा किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक या वेदनाशामकांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली.

पैदास पुरेशी आहे का?

हरियाणातील पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पैदास होते. तिथले काही पक्षी २०२४ मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणले गेले. पण बंदिस्त जागेत वाढलेला पक्षी मोकळा झाला, की खाणार तेच उघड्यावरचे मांस. म्हणून आधी परिसर औषधमुक्त आणि मग सुटका, हाच क्रम हवा.

यात पशुपालकाचा वाटा थेट आहे. दुखऱ्या जनावरासाठी डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅमची विचारणा करावी आणि घातक वेदनाशामक दिलेले ढोर दगावले तर ते उघड्यावर न टाकता खोल पुरावे. हे गोठ्यागोठ्यात पाळले गेले नाही, तर पैदास केंद्राची सारी मेहनत पुन्हा त्याच विषाच्या तोंडी जाईल.