सेंट टॉमस कॅथीड्रल, मुंबई
मुंबईच्या फोर्ट विभागातील ब्रिटिशकालीन प्रार्थनामंदिर. हॉर्निमन सर्कलच्या पश्चिमेस, वीर नरीमन मार्गावरील गजबजलेल्या वस्तीत ते आहे. गव्हर्नर जेरल्ड आँजियर (कार. १६६९–७७) याच्या पुढाकाराने १६७६ मध्ये त्याची पायाभरणी झाली, तथापि त्याच्या मृत्यूनंतर काम रेंगाळले आणि सु. चार दशके वास्तू अपुरीच राहिली. पुढे रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने वर्गणी जमवून ते पुन्हा हाती घेतले व १७१८ च्या नाताळात चर्च उपासनेसाठी खुले झाले. १८३७ मध्ये त्यास कॅथीड्रलचा दर्जा लाभला. टॉमस कार हा मुंबईचा पहिला बिशप होय. १९७० पासून ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे.

किल्ल्याच्या तटातील, या चर्चकडे नेणारा दरवाजा ‘चर्चगेट’ म्हणून ओळखला जाई. १८६० नंतरच्या दशकात तट पाडले गेले. दरवाजा नाहीसा झाला, तरी त्याचे नाव रेल्वेस्थानकास उरले. शहरातील जुन्या मैलाच्या दगडांवरील अंतरेही येथूनच मोजलेली होती.

अंतर्भागातील संगमरवरी स्मारके विशेष प्रेक्षणीय आहेत. जॉनाथन डंकन (कार. १७९५–१८११) याच्या स्मारकावर बनारस व काठेवाड येथील बालहत्येच्या प्रथेस त्याने घातलेल्या बंदीचा उल्लेख आढळतो. हे लेख राज्यकर्त्यांनी स्वकीयांविषयी कोरविलेले असल्यामुळे इतिहाससाधन म्हणून ते मोलाचे असले, तरी त्यांतील गौरव पारखूनच स्वीकारावा लागतो. प्रांगणातील कारंजे कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या देणगीतून उभारले गेले. वास्तूच्या जतनकार्यास २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कार लाभला.