डाव्या हाताचा घोष : पखवाजवादनातील दुर्बळ हाताविषयी टिपण

सिंधुदुर्गातील दशावतारी नाटक आणि डबलबारी भजन या दोहोंचा लयाधार पखवाज होय. या वाद्याच्या डाव्या तोंडावर कणीक थापलेली असते. खोल घुमारा तिच्यामुळे लाभतो. उजव्या हाताने सर्व व्यवहार करणाऱ्या शिकाऊ वादकाचा डावा हात बहुधा दुर्बळ राहतो आणि त्यावर अधिक जोराने आघात करण्याचा उपाय तो योजतो. परंतु ही उणीव बळाची नसून भेदाची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बोलांची वर्णरचना पाहिली असता हे ध्यानी येईल. उजव्या हाताचा ‘ता’ अघोष, अल्पप्राण व दन्त्य आहे. डाव्या हाताचा खुला ‘घे’ घोष व महाप्राण आहे. त्याच हाताचा बंद आघात मात्र ‘क’ या अघोष वर्णाने दर्शविला जातो. दोन्ही हात एकदम पडले की ‘धा’ होतो. म्हणजे ‘ध’मधील दन्त्यत्व उजव्या हाताचे, तर घोष व महाप्राणत्व डाव्या हाताचे. अनिरुद्ध पटेल व जॉन आयव्हर्सन यांनी २००३ साली तबल्याचे बोल आणि त्यांचे नाद यांतील साम्य ध्वनिमापनाने तपासले होते. तेव्हा डावा हात क्षीण झाला म्हणजे ‘धा’चा ‘ता’ होतो. नाद केवळ लहान होत नाही, वर्णच पालटतो.

याचा परिणाम तालावर होतो. सोयीसाठी तबल्यावरील त्रितालाचा परिचित ठेका घेऊ: धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. खाली नवव्या मात्रेवर दाखवितात. डाव्याचा खुला नाद मात्र १० ते १३ या मात्रांत थांबतो आणि चौदाव्या मात्रेवर परततो. या मौनामुळेच आवर्तनातील स्थान कानाला कळते. जो हात सर्वत्रच अस्पष्ट आहे, त्याच्या मौनाला अर्थ उरत नाही.

यावरून रियाजाचा क्रम ठरविता येतो. प्रथम ठेका हाताने टाळी देत मुखाने म्हणावा; ‘ध’ आणि ‘त’ यांचा भेद उच्चारात काटेकोर राखावा. नंतर संपूर्ण ठेका म्हणत केवळ डाव्या हाताचे आघात वाजवावेत. उजवा हात या वेळी स्वस्थ ठेवावा, कारण तोच एरवी डाव्याचे दोष झाकतो. तिसऱ्या पायरीवर ‘घे’ आणि ‘क’ विलंबित लयीत आलटून पालटून घ्यावेत. ‘घे’साठी बोट पडताच उचलले गेले पाहिजे, ते कातड्यावर रेंगाळले तर घुमारा दबतो. तबल्याच्या डग्ग्यावर तळहाताच्या मनगटालगतच्या भागाचा दाब वाढला की स्वर चढतो. म्हणून तो दाबही जाणीवपूर्वक राखावा. हे स्थिर झाल्यावरच दोन्ही हात एकत्र आणून लय वाढवावी. मनगट आखडले किंवा दुखू लागले तर थांबणे इष्ट.

जत्रेच्या रंगमंचावर सोंगाचे पाऊल याच भेदावर विसंबून पडते. आज ध्वनिवर्धकाने डाव्या तोंडाचा आवाज हवा तितका वाढविता येतो. परंतु ‘ता’ कितीही मोठा केला तरी त्याचा ‘धा’ होत नाही. ते कार्य हातानेच करावयाचे आहे.