ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे? (लेखांक सातवा)

अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात सेंट एडवर्ड ही कॅथलिक शाळा आहे. बालवर्गापासून आठवीपर्यंतची मुले तिथे शिकतात. २०१९ मध्ये शाळेचे नवे ग्रंथालय उघडले, पण हॅरी पॉटरचे सातही भाग त्यातून वगळले गेले. धर्मग्रामाचे प्रमुख फादर डॅन रीहिल यांनी ईमेलमध्ये कारण दिले होते. पुस्तकांतले शाप आणि मंत्र खरेखुरे आहेत, ते वाचल्याने दुष्टात्म्यांना आमंत्रण जाण्याचा धोका आहे, असे त्यांचे म्हणणे. अमेरिकेतल्या आणि रोममधल्या भूतबाधा उतरवणाऱ्या धर्मगुरूंचा सल्लाही त्यांनी घेतला होता.

बातमी जगभर पसरली आणि तिची थट्टाही भरपूर झाली. त्या गदारोळात धर्मप्रांताच्या शाळा अधीक्षकांचे उत्तर मात्र मागे पडले. या पुस्तकांबाबत चर्चची अधिकृत भूमिका नाही, असे त्यांनी सांगितले. पण धर्मग्रामाच्या शाळेत असा निर्णय घेण्याचा अधिकार चर्चच्या कायद्याने तिथल्या धर्मगुरूला आहे, हेही स्पष्ट केले. पालकांना पुस्तके योग्य वाटत असतील तर त्यांनी ती मुलांना श्रद्धेच्या चौकटीत समजावून द्यावीत, एवढीच अपेक्षा त्यांनी व्यक्त केली.

अधिकृत भूमिका नाही म्हणजे मते नाहीत, असे नव्हे. २००३ च्या फेब्रुवारीत व्हॅटिकनमधल्या एका पत्रकार परिषदेत फादर पीटर फ्लीटवूड यांनी या पुस्तकांत गैर काही नसल्याचे सांगितले. पुढच्याच महिन्यात कार्डिनल योझेफ रात्सिंगर यांनी गाब्रिएले कुबी या जर्मन टीकाकार लेखिकेला पत्र लिहून, ही पुस्तके मुलांना नकळत भुलवतात, असा सूर लावला. २००५ मध्ये रात्सिंगर पोप झाले आणि त्या पत्राला एकदम वजन आले. तरीही २००९ मध्ये व्हॅटिकनच्याच ‘लोस्सेर्वातोरे रोमानो’ या दैनिकाने हॅरी पॉटरच्या सहाव्या चित्रपटाचे कौतुक केले. एकाच चर्चमध्ये दोन्ही बाजूंना आधार सापडतो. म्हणून पुस्तक कपाटात राहणार की नाही, हे अखेर किल्ली कोणाकडे आहे यावर ठरते. 

इथे एका वाचकाचा प्रश्न असा, की अमेरिकेसारख्या देशात पालक अशा वेळी कोर्टात का जात नाहीत? शाळा सरकारी असेल तर जातात, आणि जिंकतातही. केवळ त्यातले विचार पटत नाहीत म्हणून शाळा मंडळाला ग्रंथालयातले पुस्तक काढता येणार नाही, असे मत १९८२ च्या ‘पिको’ खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी मांडले, पण त्याला बहुमत मिळाले नाही. आर्कान्सामधल्या सीडरव्हिलच्या सरकारी शाळांत तर हॅरी पॉटरवर बंदीही नव्हती. पुस्तक उघड्या कपाटातून काढून ठेवले होते, आणि पालकांच्या सहीची चिठ्ठी आणली की मिळत असे. २००३ मध्ये न्यायालयाने तेवढा अडसरही घटनाबाह्य ठरवला आणि पुस्तके पुन्हा कपाटात ठेवायला लावली. पण अमेरिकेच्या राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याची हमी सरकारला बांधते, खासगी धर्मसंस्थेला नव्हे. त्यामुळे सीडरव्हिलमध्ये सहीची चिठ्ठीही चालली नाही, आणि नॅशव्हिलमध्ये सातही भाग काढले तरी कोर्टाचा रस्ता बंदच होता.

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातली रचना या दोन्हींहून निराळी आहे. १८६७ च्या घटनेने तिथल्या कॅथलिक शाळांना संरक्षण दिले. आज त्या सरकारी पैशावर चालतात आणि त्यांचे विश्वस्त कॅथलिक मतदार निवडून देतात. २००७ च्या नोव्हेंबरमध्ये हाल्टन कॅथलिक शाळा मंडळाकडे फिलिप पुलमन यांच्या ‘द गोल्डन कंपास’विरुद्ध तक्रार आली. पुस्तक १९९५ मधले. पण त्यावरचा चित्रपट डिसेंबरमध्ये येऊ घातला होता आणि लेखक नास्तिक असल्याची चर्चा सुरू होती. मंडळाने पुस्तक कपाटातून काढले, तरी ग्रंथपालांकडे मागितल्यास ते मिळत होते. मंडळाच्याच समितीने ते वाचून परत ठेवण्याची शिफारस केली. विश्वस्तांनी ती फेटाळली आणि पुस्तकाची रवानगी कायमची झाली.

पुस्तक परत यायचे असेल तर त्याच्या वाटाही या तीन ठिकाणी वेगळ्या आहेत. सीडरव्हिलमध्ये न्यायालयाचा आदेश पुरला. हाल्टनमध्ये नाराज पालकांच्या हाती विश्वस्तांची पुढची निवडणूक असते. नॅशव्हिलसारख्या धर्मग्राम शाळेत पालक धर्मगुरूंना विनंती करू शकतात, बिशपांकडे दाद मागू शकतात किंवा मुलाची शाळा बदलू शकतात. तिथला अधिकार धर्मगुरूच्या पदाला असतो. त्यामुळे बदलून आलेल्या नव्या धर्मगुरूला तेच पुस्तक पुन्हा ठेवण्याची पूर्ण मोकळीक असते.