हात की ससाणा?

एक सोपा प्रयोग करा. मित्राला एक मीटरवर उभे करून त्याचा पंजा तुमच्या डोळ्यांसमोर धरायला सांगा. पंजाची रुंदी सुमारे १० सेंटिमीटर धरली, तर तो तुमच्या डोळ्याशी जेमतेम ६ अंशांचा कोन करतो. आता त्याला पंजा सावकाश, एकाच वेगाने जवळ आणू द्या. अर्ध्या मीटरवर कोन होतो ११ अंशांचा आणि १० सेंटिमीटरवर तब्बल ५३ अंशांचा! म्हणजे वेग तोच असूनही शेवटी शेवटी पंजा एकदम फुगल्यासारखा दिसतो. तुमचीही पापणी लवली असेल.

भूमितीचा हाच खेळ इग्वानाच्या पिल्लाच्या जिवाशी निगडित आहे. हिरवा इग्वाना हा मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या जंगलांतला, झाडांवर राहणारा आणि पाला खाणारा सरडा. मोठेपणी शेपटीसकट दीड मीटर लांब होणारा हा प्राणी अंड्यातून निघतो तेव्हा वीतभरच असतो. ससाणे, साप असे अनेक शत्रू त्याच्यावर टपलेले असतात आणि बहुतेक पिल्ले वर्षाचीही होत नाहीत. त्याच्या माथ्यावर एक 'तिसरा डोळा' असतो. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड कमी झालेला कळतो. तेव्हा वरून सावली पडली आणि काहीतरी झपाट्याने मोठे होऊ लागले, की 'पळा' हाच त्याचा जन्मजात नियम.

अमेरिकेत आणि इतरत्रही लोक हा प्राणी हौसेने पाळतात. पिल्लू घरी आले की त्याला उचलायला पहिला हात जातो तो वरूनच! पिल्लाला तो हात कसा दिसत असेल, हे आता तुम्हीच सांगा.

मग त्याचा विश्वास कसा मिळवावा?

पहिली गोष्ट ऊब. सरड्याचे शरीर स्वतः पुरेशी उष्णता निर्माण करीत नाही. शरीर थंड असले की पायांत वेग नसतो, म्हणून तो शत्रू लांब असतानाच पळ काढतो. स्टॅन्ले रँड यांनी १९६४ साली जमैकातील सरड्यांच्या एका जातीत हे दाखवून दिले. इग्वानाला ऊन खाण्यासाठी ३५ अंश सेल्सियसच्या आसपासची जागा, जंबुपार किरण आणि लपायला आडोसा हवा. गारठलेल्या पिल्लाला माणसाळवू पाहणे व्यर्थ आहे.

दुसरी गोष्ट हाताची वाट. हात बाजूने, खालच्या पातळीवरून न्या आणि मध्येच थांबा. थांबलेल्या हाताचा कोन वाढत नाही. पहिले काही दिवस नुसते जवळ बसा, मग पाला ठेवून हात मागे घ्या. रोज अंगणात दाणे टाकणाऱ्या आजीला चिमण्या बुजत नाहीत. तीच घटना पुनःपुन्हा घडूनही इजा होत नाही, हे कळले की भीती ओसरते. यालाच 'सरावणे' म्हणतात. त्याला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. एकदा जरी पाठलाग करून पकडले, तरी कमावलेले बरेच गमावते. शेपटी हातात आली तर पालीसारखी ती तुटते आणि पुन्हा उगवली तरी पहिल्यासारखी होत नाही.

आता एक धोक्याची सूचना. हातात गप्प बसलेले पिल्लू निर्धास्त असतेच असे नाही. कॅनडातील लाव्हाल विद्यापीठाचे मिशेल कबानाक व त्यांच्या सहकाऱ्याने २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इग्वानाला अगदी हळुवार हाताळले, तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढले. बेडकाचे मात्र वाढले नाहीत! म्हणजे बाहेरून स्तब्ध दिसणाऱ्या प्राण्याच्या छातीत धडधड चालू असू शकते. तेव्हा स्तब्धतेला विश्वास समजू नका. तुमच्यासमोर तो निवांत खाऊ लागला, जीभ लावून तुमचे बोट तपासू लागला, आपण होऊन हातावर चढला, तर ती खरी खूण.

हाताळल्यावर साबणाने हात धुवायला विसरू नका, कारण सरड्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. आपल्याकडे असे परदेशी प्राणी बाळगताना २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारकडे नोंद करावी लागते. घोरपड घरी ठेवणे तर कायद्याने गुन्हाच आहे.

पण हा धडा गिरवायला इग्वानाच हवा असे कुठे आहे? कुंपणावरच्या सरड्याकडे एकदा उभ्याने भरभर जा आणि दुसऱ्या दिवशी वाकून, थांबत थांबत जा. तो किती अंतरावरून पळाला, ते दोन्ही वेळा पावलांनी मोजा. दोन आकड्यांत किती फरक पडतो, ते वहीत लिहून ठेवा.