थॅडियस स्टीव्हन्स : मुक्ती आणि जमीन

अमेरिकेतील गुलामगिरीच्या अंताचा विषय निघाला की आपण लिंकनपाशी येऊन थांबतो. मला थॅडियस स्टीव्हन्सविषयी लिहावेसे वाटते. बेडी तुटल्यावर पोटाचे काय, हा प्रश्न त्याने सत्ताधाऱ्यांच्या सभागृहात विचारला.

१७९२ साली व्हर्मांटमध्ये जन्मलेल्या स्टीव्हन्सचा पाय जन्मतः अधू होता, घरी दारिद्र्य. तो पेनसिल्व्हेनियात वकील झाला. १८२१ मध्ये त्याने एका गुलाममालकाचे वकीलपत्र घेऊन खटला जिंकला आणि चॅरिटी बटलर ही स्त्री पुन्हा दास्यात गेली. हा डाग झाकून त्याचे चरित्र सांगू नये. पुढे मात्र तो पळून आलेल्या गुलामांची बाजू लढवू लागला. १८३८ मध्ये काळ्यांचा मताधिकार काढून घेणाऱ्या राज्यघटनेवर त्याने सही नाकारली.

कॅलेडोनिया येथे त्याचा लोखंडाचा कारखाना होता. जून १८६३ मध्ये दक्षिणेच्या जनरल अर्लीने तो जाळला. मालक गुलामगिरीचा वैरी होता, एवढे कारण पुरेसे होते.

सप्टेंबर १८६५ मध्ये लँकेस्टरच्या भाषणात त्याने मागणी केली : २०० एकरांहून अधिक जमीन असलेल्या बंडखोरांची जमीन जप्त करा आणि मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला ४० एकर द्या. स्वतः कारखानदार असूनही मालमत्तेच्या पावित्र्याने तो दबला नाही. त्याच्याच पक्षातील बहुसंख्य मात्र दबले.

१८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती मंजूर झाली. समान संरक्षण कागदावर आले. जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. मुक्त माणसे त्याच शेतांत वाट्याने राबू लागली, कर्जात रुतली. ज्याची भाकरी मालकाच्या हाती, त्याचे मतही मालकाच्या धाकात. पुढे दक्षिणेत तो मताधिकारही हिरावला गेला.

११ ऑगस्ट १८६८ रोजी स्टीव्हन्स वारला. काळ्यांना मज्जाव नसलेली दफनभूमी त्याने मुद्दाम निवडली आणि त्यामागचे कारण थडग्यावर कोरवून घेतले.

जोतीरावांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केला. आपल्या संविधानाच्या कलम १४ मधील ‘कायद्याचे समान संरक्षण’ ही कल्पना त्या चौदाव्या दुरुस्तीतूनच आलेली. स्टीव्हन्सचा जिंकलेला अर्धा भाग असा आपल्यापर्यंत पोहोचला. हरलेला अर्धा भाग, म्हणजे जमीन, आपल्या भूमिहीनाच्या दारात आजही प्रश्न बनून उभा आहे. कलम पाठ करणाऱ्या आपण साऱ्यांनी त्याला उत्तर दिले पाहिजे.