पहिली दुर्बीण घेताय? आधी खोक्यावरचा आकडा विसरा

पावसाळा सरला, आकाश मोकळं झालं की एक प्रश्न हमखास येतो: पहिली दुर्बीण कोणती घेऊ? पैसे बहुतेकदा पहिल्या पगारातले नाहीतर साठवलेल्या पॉकेटमनीचे असतात. निवड चुकली तर पैसे जातातच, पण आकाश बघायची हौसही जाते, आणि दुर्बीण माळ्यावर धूळ खात पडते. म्हणून आजचा भाग ऑर्डर देण्याआधी ऐका.

ऑनलाइन बघायला गेलात की खोक्यावर मोठ्ठ्या अक्षरात दिसतं: ‘५२५ पट मोठं!’ हा आकडा येतो कुठून? गणित सोपं आहे. दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले आयपीसचं नाभीय अंतर, म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसणार ते. दुर्बीण ७०० मिलीमीटरची आणि आयपीस ४ मिलीमीटरचा असेल, तर १७५ पट. मध्ये तीनपट करणारी बार्लो लेन्स लावली की झाले ५२५. गणित बरोबर आहे, पण उपयोग शून्य. फोनवर एखादा अंधुक फोटो झूम करून बघा, फोटो मोठा होतो, पण नवीन काहीच दिसत नाही. इथेही तसंच होतं.

मग बघायचं काय? पुढच्या भिंगाचा किंवा आरशाचा व्यास. दुर्बिणीचं खरं काम प्रकाश गोळा करण्याचं. व्यास दुप्पट झाला की प्रकाश चौपट मिळतो. ढोबळ नियम असा: व्यास जितके मिलीमीटर, त्याच्या दुपटीपर्यंतच विवर्धन कामाचं. म्हणजे ७० मिलीमीटरच्या दुर्बिणीला १४० पट ही कमाल मर्यादा. आपल्याकडे दिवसभर तापलेला गच्चीचा स्लॅब संध्याकाळी उष्णता सोडत असतो, हवा थरथरते आणि तेवढंही सगळ्या रात्री मिळत नाही.

दुसरी गोष्ट स्टँड. पृथ्वी फिरतेय, त्यामुळे ५२५ पटीवर गुरू अर्ध्या मिनिटाच्या आत नजरेतून निसटतो. त्यात स्टँड लटपटत असेल तर बघणं संपलंच! दुकानात दुर्बिणीला हलकी टिचकी मारा. दोन-तीन सेकंदात ती स्थिर झाली तर ठीक. आरशाची दुर्बीण घ्यायची असेल तर डॉब्सोनियन प्रकार बघा. साधी फिरती बैठक असते, त्यामुळे पैसा नखऱ्यात न जाता आरशात जातो. पण वजनही बघा. जी दुर्बीण तुम्ही एकट्याने जिना चढून गच्चीवर नेऊ शकता, तीच खरी वापरली जाते.

आता दिसेल काय ते खरंखरं सांगतो. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत गुरूचे चंद्र शोधले, ते साधारण २० पट दुर्बिणीतून. म्हणजे साध्या ७० मिलीमीटरच्या दुर्बिणीतूनही ते चार ठिपके तुम्हाला दिसतील, आणि दुसऱ्या रात्री त्यांच्या जागा बदललेल्या असतील. शनीची कडी दिसतील, लहानशी पण स्पष्ट. मृग नक्षत्रातला तेजोमेघ दिसेल, पण करड्या धुरासारखा. फोटोतले गुलाबी-निळे रंग कॅमेरा बराच वेळ प्रकाश साठवून मिळवतो, डोळ्याला ते जमत नाही. हे आधीच माहीत असलं की हिरमोड होत नाही.

पहिल्या रात्रीसाठी चार गोष्टी:

१. फाइंडर दिवसाच जुळवून घ्या. लांबचा मोबाइल टॉवर मुख्य दुर्बिणीत मध्यभागी आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून तोच टॉवर तिथेही मध्यभागी आणा.

२. सुरुवात कायम जास्त मिलीमीटरच्या आयपीसने करा. २५ चा आयपीस लावलात की आकाशाचा मोठा तुकडा दिसतो आणि वस्तू सापडते. १० चा नंतर.

३. चंद्र पौर्णिमेला बघू नका. तेव्हा सावल्याच नसतात, सगळं सपाट दिसतं. शुद्ध पंचमी ते अष्टमीला उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरं अशी उठून दिसतात की बास!

४. सूर्याकडे दुर्बीण कधीच, अगदी गंमत म्हणूनही वळवू नका. फाइंडरसुद्धा नाही. क्षणात डोळा कायमचा जाऊ शकतो. दिवसा दुर्बीण बाहेर असेल तर लहान मुलांजवळ तिला एकटी सोडू नका.

अजून मन ठरत नाहीये? मग थांबा, काही बिघडत नाही. १०×५० ची द्विनेत्री घ्या, म्हणजे दहा पट आणि ५० मिलीमीटरची भिंगं. कृत्तिकेचा तारकापुंज आणि देवयानी दीर्घिकेचा धूसर पट्टा यासाठी ती मस्त. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, मुंबईचं खगोल मंडळ वांगणीला आकाशदर्शन करतं. अशा एखाद्या कार्यक्रमाला जा, वेगवेगळ्या दुर्बिणींना डोळा लावा, मग खरेदी करा. एका रात्रीत जे कळेल, ते पन्नास रिव्ह्यू वाचून कळणार नाही.

तोवर एक गृहपाठ. आज रात्री गच्चीवर जा, फोन खिशात ठेवा आणि वीस मिनिटं नुसते वर बघत बसा. डोळे अंधाराला सरावले की तारे आपोआप वाढतात. त्यातले पाच ओळखता आले, की दुर्बीण कुठे वळवायची हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.

भेटू पुढच्या भागात. आकाश निरभ्र राहो!